तोंड असलेली पिशवी

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी बाकीच्यांना फुलपाखरं, पक्षी, निदान झुरळं तरी मिळाली. मला मिळाले पर्णकृमी, म्हणजे ठाण्याच्या खाडीतल्या गोगलगायींच्या पोटात राहणारे परजीवी. त्यांच्या जीवनचक्रातल्या अवस्था ओळखायच्या. "फार स्कोप आहे," आमचे गाईड सर म्हणाले. स्कोप इतका, की त्या चिखलात त्यांनी स्वतः कधी पाय ठेवला नाही. बूट नवे होते.

गोगलगायी मी डब्यातून डोंबिवलीला घरी आणायचे, कारण कॉलेजची लॅब लवकर बंद व्हायची आणि हे परजीवींना कुणी कळवलेलं नव्हतं. टेबललॅम्पचा उजेड पडला की गोगलगायीतून शेपटीवाली पिल्लं पाण्यात उतरतात. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी किंचाळलेच. आईला वाटलं, नोकरी लागली.

तिने भिंगातून पाहिलं. "आता ही कुठे जाणार?"

"शिंपल्यात शिरणार, शेपूट टाकणार आणि कवच करून पडून राहणार."

"शिंपल्यात? म्हणजे तिसऱ्यांत?" बाबांनी पेपर खाली केला. "शिजवल्यावर मरतात ना?"

"मरतात."

"मग ठीक आहे." पेपर पुन्हा वर गेला.

मग गोगलगाय फोडून आतली अवस्था बघायची होती. लॅबमध्ये सरांनी सूक्ष्मदर्शकात उभ्याउभ्याच डोकावलं. "स्पोरोसिस्ट. लिहून टाक."

स्पोरोसिस्ट म्हणजे नुसती पिशवी, तिला तोंड नसतं. माझी पिशवी तर तोंड उघडत-मिटत होती. "सर, याला तोंड आहे. रेडिया असेल, पुढची अवस्था."

"तोंड सगळ्यांनाच असतं," सर म्हणाले. "काहींनी ते बंद ठेवावं."

मी बंद ठेवलं आणि रिपोर्टात रेडिया लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी ताजी गोगलगाय फोडायला लावली. बराच वेळ बघून त्यांनी सरांना बोलावलं. "बघा, गिळतोय!"

खरंच गिळत होता, गोगलगायीचंच मांस. सर या वेळी स्टूल ओढून बसले. वर पाहिलं तेव्हा चेहऱ्यावर गुरूचा अभिमान होता. "मी हिला पहिल्या दिवसापासून सांगतोय, रेडिया."

माझ्या ओठांपर्यंत शब्द आले होते. पण मॅडमनी मला पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी ओढलं आणि आम्ही दोघी आळीपाळीने त्याचं जेवण बघत बसलो. सर बाहेर चहा सांगायला गेले.