गोदाचा आवाज कुणाच्या डब्यातून

कोपरीचा गुणाजी तसा सरळ माणूस, फक्त एका जागी वाकडा. त्याच्या बायकोचं, गोदाचं, दुसऱ्या कुणी भलं केलेलं त्याला खपायचं नाही. तिला कुणी रिक्षात नीट बसवून दिलं तरी याचं तोंड उतरायचं. तरुणपणी तो मिठागरात राबला. पुढे मिठागर गेलं, जमिनीवर खोल्या उठल्या, घरबसल्या भाडं यायला लागलं, डोक्याचे केस पांढरे झाले. ही जळकी खोड तेवढी जिथल्या तिथे राहिली.

गोदा धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गायला जी बाई मानाने बसते, ती. तिने धवला लावल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. पण हल्ली हळदीला डीजे आला, आणि गोदाचा आवाजही वयाने बारीक झाला. मागे एका हळदीत ती गात होती आणि शेजारी बसलेली गावातली मालन तिला विचारत होती, "अगं, सुरू कधी करतेस?"

ते ऐकून पुतणी ऐश्वर्या पुढे झाली. तिचं लग्न ठरलं होतं. म्हणाली, "काकी, माझ्या हळदीला आधी तू, मग डीजे. माईकवर गायचं. तुझा शब्दन् शब्द लोकांना ऐकू आला पाहिजे."

"मग स्पीकर मी बनवणार," गुणाजी म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

बाजारातून बशीएवढे दोन स्वस्त स्पीकर आणले. दुकानदार म्हणाला, यांना फुल रेंज म्हणतात. जाडा आवाज, बारीक आवाज, सगळा एकाच पडद्यातून. पण नुसता हातात धरून वाजवला तर तो डासासारखा गुणगुणतो. त्याच्याजोगता डबा लागतो, आणि खरी अक्कल त्या डब्यात असते.

गुणाजीने डब्याचं माप लग्नघराच्या इभ्रतीवर काढलं. नवरीच्या मोठ्या काकाचा डबा, तो लांबून दिसायला नको? कपाटाएवढा केला. प्लाय पातळ, आत नुसती पोकळी. आणि हात मिठागरात बांध घालणारा; तिथे पाणी झिरपलं की मीठ बुडालं. तेव्हा केसाएवढी फट ठेवली नाही. पुट्टी भरली, वर गोंद, गोंदावर परत पुट्टी. वाजवून बघितला तर गोदा पिंपात पडून हाका मारतेय असं वाटलं.

"नवीन हाय, मोकळा होईल," गुणाजी म्हणाला.

"यो मोकळा होईपर्यंत ऐश्वर्याला पोरं होतील," गोदा म्हणाली.

एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पण ऐश्वर्याचा भाऊ साईनाथ, डोंबिवलीला कारखान्यात नोकरीला, त्यानेही तसलेच स्पीकर आणले. त्याचा डबा हातभर उंच. प्लाय जाड, आत गोधडीतला कापूस लावलेला, आणि पुढे खाली एक गोल भोक, भोकात पाइपाचा तुकडा.

गुणाजीने वाकून बघितलं. "उंदराची सोय केलीस काय रे?"

"नाय काका. स्पीकरच्या मागचा वारा यातून बाहेर येतो. जाडा आवाज भरतो त्याने."

"आमी जन्मभर भोकं बुजवली, आणि यो पाडतोय."

साईनाथने डबा लावला. गोदाने माईक घेतला, दोन ओळी गायल्या आणि ती थांबली. "अगं बाई, मना मी ऐकू येते!" मग चहा ठेवला. साईनाथला आधी दिला, तोही आलं घालून. गुणाजीच्या चहात आलं नव्हतं. त्याने मुद्दाम कप हुंगून बघितला.

"हळदीला साईनाथचाच डबा," गोदाने सांगून टाकलं.

झालं. त्या दिवसापासून गुणाजीला घास गोड लागेना. वाटेत कुणी भेटलं की म्हणायचा, पोराने काय केलंय, खोका केलाय. कुणी "पण वाजतो झकास," म्हणालं की त्याला तिथेच ठसका लागायचा. इतकी वर्षं गोदाला लग्नघरी नेली-आणली याने, आणि आता तिचा आवाज गावाला दाखवणार कोण, तर कालचं पोर!

हळदीच्या दिवशी ऊन उतरल्यावर साईनाथने डबा ओटीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवला. आवाज जरा घुमत होता, पण लोकांना घुमणंच आवडतं. गुणाजी आंघोळ करून नवं नेसला होता, अंगातून काढलेलं बनियन हातात होतं. ओटीवर कुणी नव्हतं. समोर ते भोक.

याच्यातूनच आवाज भरतो ना? घे मग भरून, म्हणाला, आणि बनियनाचा बोळा करून आत कोंबला. मग साळसूदपणे जाऊन पुढच्या खुर्चीवर बसला. आता गोदा गाणार, डबा घोगरणार, आणि ती म्हणणार, अवं, तुमचा आणा. कपाटाएवढा डबा त्याने दारामागे पुसून तयार ठेवला होता.

गोदाने धवला लावला. डबा घोगरला नाही. उलट मघाची घुमघूम गेली आणि आवाज पाण्यासारखा नितळ आला. नवरीची आई पदर डोळ्याला लावून बसली. मालन म्हणाली, "इतकी वर्षं ऐकतेय, पण शब्द आज कळले." माणसं साईनाथच्या पाठीवर थापा मारत होती. इकडे गुणाजी त्या थापा मोजत होता. काम याचं, थापा त्याला! आणि सांगायचं तरी काय, की मी आवाज बिघडवायला गेलेलो?

गाणं संपलं तेव्हा साईनाथच बुचकळ्यात पडला. "मघाशी असा नव्हता वाजत." वाकला, भोकात बोटं घातली आणि सगळ्यांसमोर एक बनियन ओढून काढलं. खांद्यावर फाटलेलं, वर निळ्या दोऱ्याचा टाका.

बायका हसायला लागल्या. गुणाजी मांडवाचं छत बघू लागला.

टाका गोदाचा. तिने बनियनाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. म्हणाली, "घाल परत आत. कोपऱ्यात घुमतंय बघून यांनीच घातलं. माझ्या आवाजाची काळजी दुसऱ्या कुणाला?"

साईनाथने भाबडेपणाने येऊन पायाला हात लावला. "काका, मना नव्हतं सुचलं." गुणाजीने आशीर्वाद दिला. देताना तोंड कारलं खाल्ल्यासारखं.

माणसं जेवायला बसली तशी गोदा त्याच्याजवळ येऊन टेकली. हळूच म्हणाली, "कशाला घातलेलं ते मना कळतं. इतकी वर्षं तुमची बनियनं धुतलीत. एवढंच सांगा, मी गायली कशी?"

आवाज कधी बिघडतो याची वाट बघण्यात गुणाजीने धवल्याचा एक शब्द ऐकला नव्हता. सगळ्या मांडवाने ऐकला, मालनने ऐकला, साईनाथने ऐकला. राहिला एकटा तोच.

"एकदा परत म्हण ना," तो म्हणाला. "इथंच. हळू."

"घसा बसला माझा. उद्या लग्नात ऐका." पानात भात वाढून ती उठली. "साईनाथच्याच डब्यातून."