भद्रा मारुतीच्या वाटेवरची कबुली

लग्नाला चार वर्षं झाली तरी सुनंदाला दिवस राहिले नव्हते, आणि त्याचं कारण फक्त मला ठाऊक होतं. पहिल्या बायकोपासून दोन लेकी झाल्यावर मी नसबंदी करून घेतली होती. पुढं ती आजारात गेली. दुसरं लग्न करताना ही गोष्ट मी दडवली. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिलो. सुनंदा माझ्या लेकींना जीव लावायची, उपवास धरायची. तिनं देवापुढं हात जोडले की बजाजनगरच्या त्या दोन खोल्यांत मीही शेजारी बसून मूल मागायचो, जणू चमत्कारच होणार होता.

एका श्रावणी शनिवारी ती मुलासाठी नवस बोलून खुलताबादला भद्रा मारुतीकडे अनवाणी निघाली. मीही सोबत होतो. दौलताबादच्या घाटात तिच्या पायांना फोड आले. मेंढरं चारणाऱ्या एका म्हातारीनं तिला सावलीत बसवलं, पायांवर पाणी घातलं आणि माझ्या चपलांकडं बघत विचारलं, "नवस दोघांचा हाय, का एकलीचा?"

"दोघांचा," मी म्हणालो.

"मग चटके एकलीलाच कसे काय रं?"

म्हातारी मेंढरांमागं निघून गेली आणि मला रडू कोसळलं. तिथंच सगळं सांगून टाकलं. सुनंदानं पाय पदरानं पुसले. मग म्हणाली, "चार वर्षं मी सोताला वांझ समजत व्हते. अन् तुम्ही बघत व्हता." उरलेला घाट ती एकटीच चढली. दर्शन घेऊन तिथूनच माहेरी गेली.

महिना उलटला. मी मारुतीला रोज एवढंच म्हणायचो, ती ठरवील ते मला कबूल. एके दिवशी ती परत आली. उंबऱ्यातच तिनं विचारलं, "ह्याच्यावर काही इलाज हाय का, इचारलं कधी कुणाला?"

मी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी आधी तिच्या तपासण्या केल्या, मग दोन वाटा सांगितल्या. बंद केलेल्या नळ्या ऑपरेशननं पुन्हा जोडता येतात, पण यशाची खात्री नाही आणि महिनोन्‌महिने थांबावं लागतं. नाहीतर सुईनं शुक्राणू काढून टेस्ट ट्यूबचा मार्ग. आम्ही जोडणीचं ऑपरेशन निवडलं. पहिल्या रिपोर्टात काहीच नव्हतं. मी खचलो, तर तीच म्हणाली, "आता निदान दोघं मिळून वाट बघू." ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात रिपोर्टात शुक्राणू दिसले. पुढच्या वर्षी तिला दिवस गेले आणि आमची धाकटी जन्माला आली.

इतकी वर्षं मला वाटायचं, मी देवाकडं मूल मागतोय. खरं तर मी लपायला जागा मागत होतो. ती त्यानं दिली नाही, हीच त्याची कृपा.