नवरदेवाची गाडी थांबवायची नसते

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. श्रीदेवीचं तापत नाही. त्यामुळे तिच्या वाटणीचंही मलाच तापवून घ्यावं लागतं, आणि गेल्या वैशाखापासून ते काही खाली यायला तयार नाही.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमची घरं समोरासमोर. माझं खाली शिलाईचं दुकान, वर बिऱ्हाड. समोर तिचं सासर, टॉवेल-चादरींचे व्यापारी. नवरा मंजुनाथ, आणि घरातला शेवटचा शब्द थोरले दीर नागप्पा यांचा. श्रीदेवी आता पन्नाशीला आली. ठेंगणी, इरकल नेसणारी, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. आणि तोंड उघडलं की टर्बो, टॉर्क, गिअरबॉक्स. नवख्या माणसाला वाटतं बाई चेष्टा करतेय. ती युरोपातल्या वेगवान गाड्यांबद्दल कधीच चेष्टेनं बोलत नाही.

तिचे वडील संगप्पा यांचं मंगळवेढ्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बेअरिंगं गुंडाळायला पुण्याहून रद्दी यायची, आणि त्या रद्दीत परदेशी गाड्यांची मासिकं. ही पोर त्यातली पानं बाजूला काढून ठेवायची. पोर्शचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं, सगळं वजन शेपटाकडे, आणि तरी तिथले इंजिनियर वर्षानुवर्षं हट्टानं तीच रचना सुधारत बसले, हे तिला शाळेत असतानाच ठाऊक होतं. लॅम्बोर्गिनीवाले आधी ट्रॅक्टर करायचे हे तिनं बापाला वाचून दाखवलं, तेव्हा संगप्पांना पोरीच्या खुळाचा पहिल्यांदा अभिमान वाटला. बारावीनंतर तिनं मेकॅनिकलला जायचं नाव काढलं, तेव्हा तेच संगप्पा म्हणाले, "पोरीच्या जातीला ग्रीस शोभत न्हाय." गल्ल्यावर बसवून ऑइल सील विकायला लावताना मात्र शोभत होतं! बी.ए. करून तिला सोलापुरात दिली. मी त्या माणसाला एकदाच भेटले, तिच्या लग्नात, आणि तेव्हा हे मला माहीत नव्हतं. असतं तर जेवणावरून उठले असते.

काही वर्षांपूर्वी धंदा चांगला चालला, तेव्हा मंजुनाथनं पुण्याहून जुनी जर्मन गाडी घ्यायचं ठरवलं. कुठली ते सांगणार नाही, किंमत विचारून लोकांनी आधीच जीव खाल्लाय. निवडली श्रीदेवीनं. विकणारा बोनेटवर हात ठेवून मंजुनाथशी बोलत होता. हिनं तिथंच बोनेटला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "हे तापवून ठेवलंय. आमी संध्याकाळी येतो, गार झाल्यावर सुरू करून दावा." तिला थंड इंजिनाचा पहिला आवाज ऐकायचा होता, कारण काय दुखतंय ते इंजिन तेव्हाच सांगतं. संध्याकाळी सुरू करायला लावून तिनं चालू इंजिनावर पाण्यानं भरलेला पेला ठेवला. सहा सिलिंडर एका ओळीत, एकाचा धक्का दुसरा खातो, असं तिनं मला नंतर समजावलं. पेल्यातलं पाणी हललं नाही. गाडी घरी आली आणि गल्लीनं तिला मंजुनाथशेठची गाडी म्हणायला सुरुवात केली.

मंजुनाथ ती बाजारात न्यायचा, लग्नकार्याला न्यायचा. हायवेला पाय दाबायची त्याची छाती नव्हती. रविवारी सकाळी तो बायकोला किल्ली द्यायचा, तीसुद्धा "जरा फिरवून आण, बॅटरी उतरती" असं म्हणून. म्हणजे उपकार नाही, काम सांगितल्यासारखं. ती मला हाक मारायची आणि आम्ही दोघी मोडनिंबपर्यंत जाऊन यायचो.

आठवड्यातलं तिचं स्वतःचं असं तेवढंच. गल्लीतला गतिरोधक ती तिरकी होऊन, एकेक चाक करून ओलांडायची, पोट घासू नये म्हणून. हायवेला लागल्यावरही बराच वेळ ट्रकच्या मागून निमूट चालायची. मी चिडायचे. ती तेलाच्या तापमानाचा काटा दाखवायची. "तेल गार हाय गं अजून. गार इंजिनाला दाबायचं नसतं. आतली एकेक फट इंजिनियरांनी गरम धातूच्या मापानं ठेवलीय." काटा मधोमध आला की ती पदर खोचायची आणि पाय दाबायची. मग पाठ सीटला चिकटायची आणि गिअर कधी बदलला ते कळायचंसुद्धा नाही. मी विचारलं तर म्हणाली, "क्लच दोन असत्यात. एक भाकरी तव्यावर, दुसरी परातीत थापून तयार. ही उचलली की ती पडलीच." एवढी साधी गोष्ट मला आजवर कुणी एवढी नीट सांगितली नव्हती. तिचा चेहरा मी तसा फक्त त्या रस्त्यावर पाहिला.

गेल्या वैशाखात नागप्पांच्या मुलाचं, सिद्धलिंगचं लग्न निघालं. नवरदेव या गाडीतून मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला जाणार असं ठरलं. त्या घराची एक रीत आहे. नवरदेव देवळाला निघाला की त्याचं वाहन वाटेत थांबवायचं नाही. पुढे हलगी, बँड, नाचणारे मेहुणे, सगळे रांगत चालणार, आणि मागे वाहनही रांगणार, पण थांबणार नाही. थांबलं की अपशकुन. बैलगाडी होती तेव्हा ठीक होतं. बैलाला क्लच नसतो.

श्रीदेवीनं आठ दिवस आधी चहा देताना विषय काढला. मी तिथंच होते, सिद्धलिंगच्या बहिणींचे ब्लाउज द्यायला गेले होते. ती म्हणाली, "अण्णा, ही गाडी अशी रांगवायची न्हाय. ब्रेकवर पाय ठेवून चालवली की क्लच अर्धाच धरतो, नुसता घासत ऱ्हातो. ह्या उन्हात जळंल तो. त्यापेक्षा थांबू या, बँड पुढं जाऊ द्या, मग एकदम जाऊन गाठू. परत थांबू."

"थांबू?" नागप्पांनी कप खाली ठेवला. "नवरदेवाची गाडी?"

"मग मी चालवते. मला जमंल तेवढं जपून..."

सगळे हसले. मंजुनाथ सगळ्यात मोठ्यानं हसला. "नवरदेवाच्या म्होरं बाई ड्रायव्हर! आणि ऐक, लई नाजूक असंल तर सांग. एकदा का गॅरेजला गेली, की दुसऱ्या दिवशी विकून टाकतो. मला काय बिघडणारं खेळणं पोसायचं न्हाय."

श्रीदेवी रिकाम्या कपबशा गोळा करू लागली. मला त्या कपबशा फोडाव्याशा वाटल्या. गाडी तिनं शोधलेली, तिनं जपलेली, आणि बिघडवणार हे, शिक्षा मात्र तिला!

लग्नाच्या दिवशी सकाळी दहालाच ऊन डोळ्यात खुपत होतं. गाडीला झेंडूच्या माळा, त्याही पुढच्या जाळीवर, जिथून वारा आत जायचा तिथंच. श्रीदेवीनं जाळीवरच्या तेवढ्या काढल्या, तर कुणीतरी पुन्हा लावल्या. मंजुनाथ फेटा बांधून स्टिअरिंगवर बसला, मागे सिद्धलिंग. हलगी कडाडली. गाडी निघाली, मुंगीच्या पावलांनी.

आम्ही दोघी बायकांच्या घोळक्यात मागे चालत होतो. श्रीदेवीचं सगळं लक्ष नाकाकडे होतं. अर्धी गल्लीसुद्धा झाली नसेल, तिनं माझा दंड घट्ट धरला. मग मलाही वास आला, करपलेला, कडवट. मेहुणे नाचत होते. मंजुनाथ ब्रेकवर पाय ठेवून हात हलवत होता. आणखी चार घरं पुढे गेल्यावर गाडी थबकली. इंजिन चालू, पण चाकं हलेनात.

"थांबली!" कुणीतरी ओरडलं, आणि पुढे जे झालं ते आठवलं की अजून माझे दात आवळले जातात. नागप्पा वळले ते सरळ श्रीदेवीकडे. सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "आठ दिवस थांबंल थांबंल म्हणत हुतीस. घातलीस न्हवं मोडता? हिच्या तोंडानंच झालं हे!" बायका मागे सरकल्या. तिकडे मंजुनाथ घाबरून पाय दाबत होता, इंजिन किंचाळत होतं. एकजण म्हणाला ट्रॅक्टर आणा, साखळी बांधून ओढू.

त्या किंचाळण्यानं श्रीदेवी हलली. नागप्पांना उत्तर द्यायला ती थांबलीच नाही. पदर खोचून गर्दीतून गेली आणि ड्रायव्हरचं दार उघडलं. "उतरा."

मंजुनाथनं घोळक्याकडे नजर टाकली. "लोक बघायलेत."

"बघू द्या. पाय काढा आधी त्यावरनं. उतरा, म्हणते की."

तो उतरेना. तेव्हा मागून सिद्धलिंग बोलला. तो तिला चिक्कव्वा म्हणतो, कानडीत धाकटी आई. "काका, उतरा. चिक्कव्वाला बसू द्या." नवरदेवाचा शब्द मोडायचा कसा? मंजुनाथ उतरला. त्याचा फेटा दारात अडकून सुटला, आणि मी हसले. मुद्दाम मोठ्यानं हसले.

श्रीदेवी आत बसली. गाडी पार्कमध्ये टाकली, पण इंजिन बंद केलं नाही. तेल फिरत राहायला हवं, पंखा चालायला हवा. काच खाली करून मला म्हणाली, "जाळीवरची फुलं काढ." मी ओरबाडून काढली, एकाही मेहुण्याची हिंमत झाली नाही मला अडवायची. डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचं लाल चित्र दिसत होतं. "क्लच मेलेला न्हाय," ती म्हणाली, "जळायच्या आधी त्यानं स्वतःच सोडून दिलंय. करणाऱ्यांनी तशीच अक्कल घातलीय त्यात. गार होऊ दे." बँडवाल्यांना अपशकुनाचं काही पडलेलं नव्हतं, ते वाजवत राहिले. लाल चित्र गेलं तेव्हा तिनं बँडला कोपऱ्यापर्यंत पुढे पाठवलं, गाडी गिअरमध्ये घातली, सरळ कोपरा गाठला आणि थांबली. पुन्हा बँड पुढे, पुन्हा गाडी. नवरदेवाची गाडी थांबत थांबत देवळात पोचली. लग्न नीट लागलं. सून चांगली आहे.

आता वाटेल, त्या माणसांना लाज वाटली असेल. दुसऱ्याच दिवशी मंजुनाथनं जाहीर केलं, गाडी विकायची. गाडीला काही झालेलं नव्हतं, गॅरेजलाही गेली नव्हती. चारचौघांत त्याला खाली उतरवलं, एवढंच झालं होतं. मी श्रीदेवीला म्हटलं, भांड! ती म्हणाली, "गाडी त्यांच्या नावावर हाय." एवढं बोलून आत गेली. त्या दिवशी मला तिचाही राग आला.

पहिलं गिऱ्हाईक लातूरचं आलं. ओसरीवर बसलं. मंजुनाथ सांगत होता, एकदम ओके, फक्त बाजारात फिरवलेली. श्रीदेवी पाणी घेऊन आली, ट्रे ठेवला आणि म्हणाली, "दादा, घेतलीत तर पयलं गिअरबॉक्सचं तेल बदला. भर वैशाखात ब्रेकवर पाय ठेवून रांगवलीय. क्लच तापून लाल दिवा आला हुता."

"कुणी रांगवली?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"ह्यांनी," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे हात केला. आवाज जराही चढवला नाही.

गिऱ्हाईक पाणी पिऊन गेलं. दुसरं आलं, तिनं दुसऱ्यालाही तेच सांगितलं. मंजुनाथ तिच्यावर खेकसला, तर म्हणाली, "गाडी इकतोय. तिची हकीकत लपवून देऊ का?" तिसरं गिऱ्हाईक येणार म्हणून फोन आला, तेव्हा मंजुनाथनंच सांगून टाकलं की विचार बदललाय.

गेल्या रविवारी तिनं हाक मारली. किल्ली तिच्या कमरेच्या जुडग्यात होती, कपाटाच्या किल्ल्यांबरोबर. बॅटरी उतरते वगैरे कुणी काही म्हणालं नाही. हायवेला लागलो तरी ती नेहमीसारखी ट्रकमागून चालत राहिली. माझ्याच्यानं राहवलं नाही. "एवढं बोलले तुला सगळे, भावकीसमोर. तुला राग येतच न्हाई का गं?"

ती काट्याकडे बघत होती.

"येतोय की," ती म्हणाली. काटा मधोमध आला. तिनं पदर खोचला.