बसने येणाऱ्याला कूकर

नागपूरच्या कळमना बाजारातल्या माझ्या संत्र्याच्या गाळ्यासमोर माझीच माणसं मोटारसायकली लावत आणि शेतकऱ्यांच्या गाड्या मागे अडकत. ओरडून फरक पडेना. शेवटी मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, महिनाभर जो रोज बसने किंवा मेट्रोने येईल आणि तिकिटं दाखवेल, त्याला पाच लिटरचा कूकर. तो मी दुकानदाराशी तासभर भांडून आणला होता. सर्वांना दिसेल असा फळीवर ठेवला.

महिनाअखेरीस तिकिटं दोघांनीच आणली. एक कोराडीहून येणारा माझा दिवाणजी, दुसरी खाप्याहून येणारी, संत्री निवडणारी बाई. तिने तिकिटं दोऱ्यात ओवून आणली होती. कूकर मी दिवाणजीला दिला. तिला म्हटलं, तू तर नऊ वर्षांपासून बसनेच येतेस, तुला कशाचं बक्षीस? याने गाडी सोडली.

तिने शांतपणे विचारलं, "मंग मालक, मले पयले गाडी घेऊन मंग सोडा लागत होती काय?"

मागे कोणीतरी हसलं आणि माझं डोकं फिरलं. याच खाप्याच्या बसने येऊन मी पेट्या उचलल्या, मला कोणी काय दिलं, असं मी बरंच बोललो. ती गप्पच. समोरचा गप्प राहिला की मी भाव वाढवतो, ही धंद्याची सवय. स्टीलचा डबा घे म्हटलं. मग डबा आणि साडी. शेवटी, नवा कूकर आणतो म्हटलं. तिने तिकिटांचा दोरा पिशवीत टाकला.

"राहू द्या. बस निघून जाईन माही."

तिसऱ्या दिवशी दिवाणजीची मोटारसायकल पुन्हा गाळ्यासमोर उभी होती. मी दुसरा कूकर आणला, दुकानदाराने सांगितलेल्या भावात. तो अजून फळीवर आहे. ती त्याच्याखाली बसून संत्री निवडते, वर बघत नाही.

तिने चारचौघांत बोलायला नको होतं, असं मी घरी अजूनही म्हणतो. पण बक्षीस मीही चारचौघांतच जाहीर केलं होतं, आणि तेव्हा गाडी सोडायची अट मी घातली नव्हती. ती मला तिचा दोरा पाहिल्यावर सुचली.