रिकाम्या बाकांना विचारलं, ‘कळलं का?’

आज मुलुंडला एका कोचिंग क्लासमध्ये मुलाखत दिली. घाटकोपरचा आमचा छोटा क्लास बंद पडला ना, एकोणीस वर्षं तिथे एन्ट्रन्सच्या मुलांना फिजिक्स शिकवलं.

डेमो लेक्चर होतं. वर्गात गेले तर बाकांवर कोणीच नाही, समोर स्टँडवर कॅमेरा. सेंटर हेड तिशीचा असेल. म्हणाला, "मॅडम, मुलं घरी बघतात. तुम्ही सुरू करा."

घर्षण घेतलं. छान चाललं होतं. मग सवयीने विचारलं, "कळलं का?" आणि उत्तराची वाट बघत उभी राहिले.

तो हसला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "असं थांबू नका ना मॅडम, नंतर कापावं लागतं."

पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी त्याने कॅमेराच बंद केला. "कळवतो."

ज्याला कळलेलं नसतं तो कधीच बोलत नाही, यार. त्याचा चेहरा बघावा लागतो, म्हणून थांबते मी.

तुमच्यापैकी कोणी ही सवय मोडली असेल तर सांगा, कशी मोडली. आणि त्यानंतर शिकवावंसं वाटतं का, तेही सांगा.