बोलणाऱ्यांची नावं

शाळेचे किस्से टिफिनमधल्या लोणच्याच्या वासासारखे असतात. कितीही घासा, पंधरा वर्षांनी झाकण उघडलं तरी येतोच! मी आपलं झाकण गच्च लावून ठेवलं होतं. पण मागच्या महिन्यात जबलपूरच्या आमच्या जुन्या शाळेतून फोन आला. "आप हमारी पुरानी हेड गर्ल हैं. नए बच्चों को बैज लगाने आइए. लीडरशिप पर दो शब्द भी बोल दीजिए."

नवरा म्हणाला, "तू? लीडरशिपवर? भाजी कोणती करायची ते ठरवायला तुला अर्धा तास लागते. अन् शेवटी बटाटाच करते!"

खोटं नाही. आणि त्याच आठवड्यात, त्याच शाळेच्या केजी टूमधून, आमच्या रेवाच्या डायरीत मॅडमचा शेरा आला होता. 'रेवा अच्छी बच्ची है. पर जब से आई है, क्लास में एक शब्द नहीं बोली. कृपया मिलें.'

घरी जिची टकळी मिनिटभर थांबत नाही, ती? आईला दोन शब्द बोलायला बोलावणं, आणि लेकीच्या तोंडून एक निघत नाही!

तरी भाषणासाठी म्हणून जुन्या आठवणी काढायला बसले. लीडरशिप सोडून बाकी सगळं निघालं.

*

पाचवीत मी इतकी बडबडायचे की क्लास टीचर वैतागल्या. म्हणाल्या, "जो सबसे ज़्यादा बोलती है, वही आज से मॉनिटर!" काम एकच. त्या नसताना बोर्डावर 'बोलने वालों के नाम' लिहायचे.

सत्ता डोक्यात कशी जाते ते मला दहाव्या वर्षीच कळलं. पहिल्याच दिवशी अख्खा बोर्ड भरला. कोणी खोकलं, नाव. कोणी रबर मागितलं, नाव. मध्येमध्ये माझं ओरडणं चालूच, "चुप! एकदम चुप! मंजीत, तू क्यों हँसी?"

मंजीत सदर भागातल्या फौजी क्वार्टर्समधली, शिस्तीत वाढलेली. ती शांतपणे उठली, माझ्या हातातला खडू घेतला आणि सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात माझं नाव लिहिलं.

टीचर आल्या. बोर्डाकडे बघितलं. म्हणाल्या, "पहला नाम सही है. बाकी मिटा दो!"

मंजीत तेव्हापासून माझी मैत्रीण आहे. नाहीतर काय करणार होते?

*

बारावीत हेड गर्लच्या निवडणुकीला उभी राहिले. मुलींना वचन दिलं की मैदानाजवळचा बंद पडलेला नळ सुरू करून देईन. निवडून आले! आता प्रिन्सिपल मॅडमशी बोलणं आलं.

केबिनमध्ये गेले. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. माझ्या तोंडून निघालं, "मॅम, आपकी साड़ी बहुत अच्छी है." आणि मी बाहेर!

मंजीतनं विचारलं, "नल?"

"कल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुन्हा साडी. तिसऱ्या दिवशीही साडीच. घरी आई म्हणाली, "काहून गं, एवढी घाबरते? त्या काय खाऊन टाकतील तुला?" तिला काय सांगू! चौथ्या दिवशी दार उघडलं, तर मी तोंड उघडायच्या आत मॅडमच म्हणाल्या, "साड़ी अच्छी है, मुझे मालूम है. अब नल का बोलो."

नळ आठवडाभरात सुरू झाला. श्रेय मात्र मी घेतलं.

*

पण कहर झाला तो माझ्या पहिल्या असेंब्लीत. माइकवरून "सावधान" म्हणायचं, नंतर "विश्राम" म्हणायचं, मग सुविचार वाचायचा. एवढंच.

मी छाती भरून ओरडले, "सावधान!" अख्खी शाळा ताठ. आणि खिशात हात घातला, तर सुविचाराचा कागद नाही!

मी स्कर्टचे खिसे बघतेय, मोज्यात बघतेय, आणि शाळा ताठच. विश्राम द्यायचं माझ्या डोक्यातून पार गेलेलं. पी.टी. सर मागे उभे होते. ते खूण करतील म्हणून आशेनं बघितलं, तर तेही सावधानमध्ये! त्यांच्या नाकावर माशी बसलेली. डोळे तिरपे करून ते तिच्याकडे बघत होते, पण हात हलवेनात. नियम म्हणजे नियम.

पहिल्या तासाची घंटा झाली, तरी कोणी हललं नाही. शेवटी रांगेतली मंजीतच हळूच म्हणाली, "माझे आई, छोड़ दे अब!"

तिचं तेवढंच मराठी. माझ्या आईकडून शिकलेलं.

नंतर पी.टी. सर नाक चोळत आले. "बेटा, मैं बीस साल फौज में रहा. इतनी देर तो वहाँ भी नहीं खड़ा किया किसी ने!"

*

त्या वर्षी भेडाघाटला सहल गेली. संगमरवरी कड्यांमधून नावेतून जायचं. सहावीतली एक मुलगी काठावरच रडायला लागली, नावेत बसेना. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. हेड गर्ल ना मी!

मी तिचा हात धरला. "डरने का नहीं. मैं हूँ ना." बसलो. नाव हलली, आणि मी तिचा हात असा काही आवळला की तिची बोटं पांढरी पडली. खाली काळंहिरवं पाणी, मला पोहता येत नाही, नावाडी मजेत गोष्टी सांगून राहिलेला!

थोड्या वेळानं तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. रडणं केव्हाच थांबलं होतं.

"दीदी, आप आँखें बंद कर लो. किनारा आएगा तो मैं बता दूँगी."

कोणी खरंच विचारलं ना, मी लीडरशिप कुठे शिकले, तर मी तिचं नाव सांगेन. पण तेही मी विचारून घेतलं नाही.

*

असे सगळे किस्से मी रेवाला झोपवताना सांगत आलेय. हसून हसून लोळते. शेरा आल्यावर मी तिला जवळ घेतलं. "रेवू, शाळेत बोलत काहून नाही गं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मला एवढंही कळत नाही.

"बोलणाऱ्यांचं नाव बोर्डावर लिहितात नं. तूच तर सांगितलं!"

किस्सा माझा होता, हसले मी होते, आणि पोरीनं त्यातून उचललं काय! "अगं, ती तर गंमत होती," मी म्हटलं. "बोल तू बिनधास्त." तिनं मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी तशीच गप्प. मॅडमना भेटले, तर त्या म्हणाल्या, "दिवाली तक देख लेते हैं. फिर किसी डॉक्टर को दिखा दीजिए." परतताना ऑटोत मी भैयाला घराचा पत्ता दोनदा चुकीचा सांगितला.

*

बॅज लावायचा दिवस आला. मी स्टेजवर, घामानं भिजलेला भाषणाचा कागद मुठीत. समोर पहिल्याच रांगेत केजी टू. त्यात रेवाचं दोन वेण्यांचं डोकं. सगळ्यात मागे पी.टी. सर, आता पांढऱ्या मिशांचे.

नवी हेड गर्ल माइकपाशी आली. ओरडली, "सावधान!"

अख्खी शाळा ताठ. सर ताठ. मीही ताठ.

आणि पोरगी थिजली. पुढचा शब्दच आठवेना. माझ्याकडे बघायला लागली. मला शब्द येत होता, पण पाहुणीनं मध्ये बोलावं का? चालेल का? तिचा अपमान तर नाही होणार? मी भाजीच ठरवत बसले.

सगळं चिडीचूप. आणि पहिल्या रांगेतून, मैदानाच्या भिंतीपर्यंत जाईल असा आवाज आला.

"आई! विश्राम म्हण नं! मला सू लागली!"

धप्प! अख्खी शाळा विश्राममध्ये. मागे पी.टी. सरसुद्धा.

केजी टूच्या मॅडम गर्रकन वळल्या. "ये किसने बोला?"

सगळी रांग बुटांकडे बघायला लागली. मग एक छोटा हात वर गेला.

"मैंने. रेवा. नाम लिख लो, मैम."