जवळ्यात मुरलेली फी

कॉलेजच्या तमाम विद्यार्थ्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की पैसे टिकवायचे असतील तर ते सुक्या जवळ्याच्या डब्यात ठेवावेत. आज घरात जवळा भाजला आणि त्या वासासरशी मी थेट मुंबईच्या हॉस्टेलवर पोचलो. थळहून निघायचं, रेवसला लाँच पकडायची आणि आईने मासळी विकून दिलेले पैसे बुधवारपर्यंत सिनेमात उडवायचे, असा तेव्हा माझा थाट होता. एकदा अंगणात जवळा वाळत घालताना आई म्हणाली, “पोरा, पावसान होऱ्या दर्यातून वर काढल्या का आपून काय खातो? सुकाच ना? मंग पैशाचा पन थोडा सुका करून ठेव!” मी पडलो आज्ञाधारक! दर खेपेला थोड्या नोटा खरोखरच जवळ्यात पुरू लागलो. वासाला भिऊन खोलीतले मित्र डब्याला शिवत नसत, आणि सिनेमाला जाताना हाताला वास लावून घ्यायचा मलाही कंटाळा येई. परीक्षेच्या फीचा शेवटचा दिवस उजाडला. मित्र उसन्या पैशांसाठी धावत होते आणि मी ऐटीत खिडकीशी उभा! नोटा आत सरकवल्या, तशी मागची रांग हलकेच मागे सरकली. कारकुनाने एक नोट नाकाशी नेली. त्याने पैसे परत केले असते तर माझं वर्ष बुडालं असतं. आता माझी मुलगी फोनवरच फी भरते, बिनवासाची. पण जवळा भाजला की तो कारकून मला अजून दिसतो. पावतीवर शिक्का मारून तो भर रांगेत ओरडला होता, “अरे, फी मिळाली, पण जवळा कुठाय?”